संचिका फुटते आपोआप, जोडायची कुणी?

येरमाळा (ता. कळंब) : वाटणीचा फेरफार मंजूर होतो, एका सातबाऱ्याचे तीन सातबारे होतात. तिघे भाऊ मोबाईलवर आपापला उतारा बघतात, सुटले म्हणतात. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत एकाला कळतं की शेतकरी ओळख क्रमांकात अजून जुनाच गट दिसतोय. दुसरा मोजणीची चौकशी करायला जातो, तर नकाशावर गट अखंडच आहे. तिसऱ्याच्या कोऱ्या उताऱ्यावर थोरल्यानं उचललेल्या पीक कर्जाचा बोजा चढलेला असतो. मग सुरू होतात चकरा. तलाठी कार्यालय, तहसील, भूमी अभिलेख, सेवा केंद्र, सोसायटी, परत तलाठी कार्यालय.

असं चित्र एकट्या येरमाळा मंडळाचं नाही. राज्यात कुठल्याही तालुक्यात पारावर बसलेल्या चौघांना विचारलं तर त्यातल्या दोघांकडं अशी एक तरी पिशवी निघते. गंमत अशी की यात बहुतेक वेळा कुणी कामचुकारपणा केलेला नसतो. प्रत्येक टेबलावरचा तुकडा आपापल्या जागी बरोबर असतो. तुकडे जोडायचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नसतं.

आधी कागद कसा चालायचा ते जुन्या लोकांना माहीत आहे. अर्ज दिला की त्याची संचिका व्हायची. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, वर नाडी. ती संचिका कारकुनाकडून अव्वल कारकुनाकडं, तिथून नायब तहसीलदाराकडं, तहसीलदाराकडं अशी अंगानं चालत जायची. महिना लागायचा, सहा महिने लागायचे, कधी एखाद्या कपाटात झोपायची. पण होती ती एकच. सापडली की सगळी सापडायची आणि हरवली की सगळी हरवायची.

जुन्या कार्यालयीन कामकाजातही संचिका फोडायची सोय होतीच. मूळ संचिका दुसऱ्या कार्यालयात गेलेली असेल आणि इकडं काम थांबवता येत नसेल तर ‘भाग संचिका’ उघडायची. त्यात एक शिस्त होती. मूळ संचिका परत आली की भाग संचिका तिच्यात सामील करायची, पानांचे क्रमांक जुळवायचे आणि मगच पुढं जायचं. फोडायचा अधिकार ज्याला, जोडायची जबाबदारीही त्याचीच. आता कार्यालयांमध्ये ई-ऑफिस आलं आहे, 2025 मधल्या राज्य सरकारच्या 150 दिवसांच्या ई-गव्हर्नन्स कार्यक्रमात त्यावर जोर होता. त्या संगणक प्रणालीतही भाग संचिका उघडता येते आणि मूळ संचिकेत विलीन करता येते. म्हणजे फोडणं आणि जोडणं ही जोडी सरकारी कामात नवी नाही.

नवं आहे ते हे, की शेतकऱ्याचं काम आता एका प्रणालीत राहत नाही.

दस्त नोंदवला जातो दुय्यम निबंधकाच्या आय-सरिता प्रणालीत. फेरफार होतो ई-फेरफारमध्ये. मोजणी आणि नकाशा भूमी अभिलेखच्या ई-मोजणीत. पीक नोंदवायचं ई-पीक पाहणीच्या ॲपवर. शेतकऱ्याची ओळख ॲग्रिस्टॅकमध्ये. कर्जाचा हिशेब बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या संगणकात. पहिली तीन तर एकाच महसूल विभागाच्या छताखाली आहेत. तरीसुद्धा एका घरच्या वाटणीचा कागद या सगळ्यांत तुकड्या-तुकड्यानं जाऊन बसतो.

तुकडे करणं वाईट असतं असं नाही. प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल दिवसभर तेच करतो. व्हॉट्सॲपवर पुण्याच्या पोरानं फोटो पाठवला तर तो अखंड येत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला, कुठं जायचा आणि कितवा आहे हे लिहिलेलं असतं. ते मागं-पुढं कसेही आले तरी येरमाळ्यातला फोन क्रमांक बघून ते परत रांगेत लावतो. एखादा तुकडा वाटेत गळाला तर पाठवणाऱ्या फोनला तो पोचल्याची पावती मिळत नाही आणि तो तुकडा आपोआप पुन्हा पाठवला जातो. सगळे जुळल्याशिवाय फोटो उघडतच नाही. तिथं तीन गोष्टी आहेत : प्रत्येक तुकड्यावर एकच खूण, एकूण किती तुकडे याचा हिशेब, आणि कमी पडला तर तो परत मागवणारा. शेतकऱ्याच्या कागदाच्या बाबतीत पहिली गोष्ट अर्धीमुर्धी आहे, दुसरी काही ठिकाणी आहे आणि तिसरी शेतकरी स्वतः आहे. मोटारसायकलवर.

जिथं जोड नीट बसवलेला आहे तिथं काम चांगलं चालतं, हेही सांगायला पाहिजे. खरेदीखत नोंदवलं की त्याची माहिती आता तहसीलच्या प्रणालीत थेट येते आणि फेरफार तयार होतो. पूर्वी दस्ताची सूचना कागदावर यायची, ती यायला आणि तलाठ्यानं नोंद घ्यायला किती दिवस जातील याचा नेम नसायचा. आता फेरफार पडला की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून वेगळं चालतं. कुठला फेरफार कुठल्या पायरीवर आहे हे ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून घरबसल्या बघता येतं. शेजाऱ्यानं बांधावरचा गट विकला असेल तर त्याचा फेरफारही तिथं दिसतो. हे संकेतस्थळ लोक जेवढं वापरायला पाहिजेत तेवढं वापरत नाहीत.

मुळात सातबारा हाच दोन कागदांचा जोड आहे. गाव नमुने एकूण 21. त्यातला नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाची ते सांगणारा. नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन एकाच कागदावर घेतले म्हणून त्याचं नाव सातबारा पडलं. 2021 च्या 15 ऑगस्टपासून बाराचा भाग शेतकऱ्यानं स्वतः ई-पीक पाहणीतून भरायचा असं ठरलं. शेतात उभं राहून काढलेला सोयाबीनचा फोटो, खाते क्रमांक आणि गट क्रमांक यांच्या आधारानं बरोबर त्या उताऱ्यावर जाऊन बसतो. ॲप अडकतं, रेंज नसते, शेवटच्या दिवशी सर्व्हर दमतो, या तक्रारी खऱ्या आहेत. पण माहिती आत गेली की ती चुकीच्या गावात जात नाही. कारण खूण पक्की आहे.

आता वाटणीकडं परत येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथं आहे. समजा एका गटाचं क्षेत्र 2 हेक्टर 46 आर आहे. त्यातलं 3 आर पोटखराब. तिघा भावांना सारखं वाटायचं तर प्रत्येकी 81 आर लागवडीचं होतं, दोन एकर. बेरीज 2 हेक्टर 43 आर. मग 3 आर पोटखराब कुणाच्या उताऱ्यावर? वडाच्या झाडाखालचा दगडगोटा ज्याच्या वाट्याला गेला त्याच्याकडं, की प्रत्येकी 1 आर? वाटणीपत्रात हे लिहिलं नसेल तर संगणकाला काहीतरी एक भरावं लागतं. तिन्ही तुकड्यांची बेरीज मूळ गटाएवढी आली नाही तर ती गोष्ट पुढं मेळ न बसणाऱ्या सातबाऱ्यांच्या यादीत निघते. महसूलची मंडळी त्याला ओडीसी अहवाल म्हणतात. ही बेरजेची तपासणी म्हणजे तुकडे मोजण्याचीच पद्धत, आणि ती चांगली आहे. पण चूक यादीत दिसणं वेगळं आणि ती दुरुस्त होणं वेगळं. दुरुस्तीसाठी बहुधा कलम 155 खाली तहसीलदारांकडं अर्ज जातो. लेखनप्रमादासाठी ते कलम आहे, हक्काचा वाद मिटवायला नाही. त्यामुळं चूक नुसती लिहिण्याची की हक्काची, यावरच सहा महिने जाऊ शकतात.

त्याच्यापुढं नकाशा. जुन्या पद्धतीत इथं एक कागद होता : कमी-जास्त पत्रक, बोलीत कजाप. जमिनीची मोजणी होऊन हिस्से पडले की भूमी अभिलेख कार्यालय ते तयार करून तहसीलकडं पाठवायचं. मूळ नंबरातून किती कमी झालं, नव्या नंबराला किती जमा झालं, हे त्यात असायचं. तलाठी त्यावरून नोंद घ्यायचा. आकारफोड पत्रकात साराही त्या हिशेबानं फुटायचा. कजाप म्हणजे नकाशा आणि उतारा यांना शिवणारा दोरा. आजही तो नियमात आहे. पण घरातली वाटणी बहुतेक वेळा मोजणीशिवाय होते. तहसीलदारांपुढं कलम 85 खाली नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्रानं फेरफार होतो आणि सातबारा फुटतो. नकाशाला त्याची खबरच नसते. कागदावर तीन गट, नकाशावर एक. विहिरीचं पाणी, रस्ता आणि बांध यांची भांडणं नेमकी या फटीतून उगवतात. 2025 मध्ये सरकारनं नोंदणीकृत वाटणीपत्र असेल तर पोटहिस्सा मोजणीचं शुल्क 200 रुपयांवर आणलं आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क माफ करायचा निर्णय घेतला. पैशाची अडचण त्यानं बरीच हलकी झाली. तरी मोजणीचा अर्ज वेगळा, त्याची पावती वेगळी, तारीख वेगळी. फेरफार मंजूर झाला म्हणून मोजणीची मागणी आपोआप निघाली, असं होत नाही. जिथं आपोआप व्हायला पाहिजे नेमकं तिथं माणूस लागतो.

याची किंमत किती हे 2025 च्या पावसाळ्यानंतर जिल्ह्यानं बघितलं. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आणि पुरात धाराशिव जिल्ह्यातली पिकं गेली, कित्येक ठिकाणी माती खरवडून गेली. पंचनामे झाले. पंचनाम्याची यादी पोर्टलवर गेली, तिथून विशिष्ट क्रमांक निघाला, मग सेवा केंद्रात ई-केवायसी, मग आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. ही मदत वाटायची नेहमीची साखळी. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक काढलेला होता त्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. म्हणजे ज्याचे तुकडे आधीच जोडलेले होते त्याचा पैसा लवकर निघायची सोय झाली. ज्याच्या आधारवर ‘ज्ञानोबा’ आणि उताऱ्यावर ‘ज्ञानेश्वर’, त्याला रांग. ज्याचं खातं सामाईक, त्याला बाकीच्या भावांचं संमतीपत्र. मयत बापाच्या नावावर जमीन असेल तर विचारायलाच नको. त्यासाठीच 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली, मयताच्या नावाच्या जागी वारसांची नोंद व्हावी म्हणून. वारस नोंद झालेली घरं त्या पावसाळ्यानंतर निम्म्या त्रासातून सुटली असं म्हणायला हरकत नाही.

15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. त्यामागचा विचार बरोबर आहे : माणूस एक, त्याचे गट अनेक, सगळे एका क्रमांकाखाली. पण ओळख क्रमांक काढताना जे गट होते तेच त्यात बसले. नंतर जमीन विकली, घेतली, वाटली, वारसानं आली, की त्या क्रमांकाखालची माहिती अद्ययावत झाली का ते शेतकऱ्यानंच जाऊन बघायचं. आणि नाव जुळतं का ते यंत्रणा अक्षरं बघून ठरवते. गावात ज्याला सगळे ‘बापू’ म्हणतात, त्याचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव संगणकाला दुसऱ्याच माणसाचं वाटतं. माणसाला हसू येतं, पण हप्ता अडकला की हसू जातं.

खूण पक्की नसेल तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण जुन्या दप्तरात आहे. धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळं आपल्याकडचे जुने कागद सातबाऱ्याच्या घडणीचे नाहीत. सेतवार आहे, खासरा पत्रक आहे, पाहणी पत्रक आहे. काही उर्दूत, काही मोडीत. मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्न पेटला तेव्हा 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात हे रुमाल सुटले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सरकारनं सांगितलेला आकडा असा होता : 1 कोटी 72 लाख कागद तपासले, त्यात 11,530 कुणबी नोंदी सापडल्या. त्या मागणीच्या बाजूचा असो की विरोधातला, या आकड्यात प्रत्येकानं एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पावणेदोन कोटी कागद माणसांनी एकेक करून उलटावे लागले. कारण कुठल्या रुमालात कुठल्या गावचं, कुठल्या सालचं काय आहे याची नीट सूची नव्हती.

जुने कागद स्कॅन करायचं काम राज्यात गेली काही वर्षं चालू आहे. ते कसं होतं हे बघण्यासारखं आहे. रुमाल सोडायचा, नाडी काढायची, टाचण्या काढायच्या, चुरगळलेलं पान सरळ करायचं, पानांना क्रमांक द्यायचे, एकेक पान यंत्रातून काढायचं. मग संगणकात गाव, नमुना, साल, फेरफार क्रमांक भरायचा. शेवटी पानं होती तशी परत लावून रुमाल बांधायचा. यंत्राचं काम मधलं, आणि तेच सगळ्यात सोपं. दोन पानं चिकटून एकच गेलं, मागची बाजू घ्यायची राहिली, ‘कितवं पान’ याचा क्रमांकच दिला नाही, किंवा नाव भरताना शेजारच्या गावावर बोट पडलं, तर फोटो झकास निघतो आणि कागद कायमचा हरवतो. कपाटात हरवलेला कागद निदान कधीतरी धूळ झटकताना सापडतो. चुकीच्या गावाच्या नावाखाली साठवलेला कुणाला सापडणार?

गावाच्या नावाचंच घ्या. 2023 पर्यंत जिल्हा उस्मानाबाद होता, आता धाराशिव आहे. जुना दस्त एका नावानं, नवा उतारा दुसऱ्या नावानं. तालुका कळंब, पण यवतमाळ जिल्ह्यातही कळंब तालुका आहे. इंग्रजीत आपल्या कळंबचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. माणूस संदर्भ बघून ओळखतो, यंत्र अक्षर बघतं. म्हणूनच 2020 नंतरच्या नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी गावाचा कोड छापतात आणि आता उताऱ्याला 11 आकडी क्रमांकही आला आहे. व्हॉट्सॲपच्या तुकड्यावरची जी खूण, तीच ही. ती नोंदणी, मोजणी, बँक, पीक विमा, सगळीकडं एकच चालली तर अर्धं काम होतं. सध्या बँकेच्या अर्जावर, मोजणीच्या अर्जावर लोक गट क्रमांकच लिहितात, आणि तो कुणी 32/1/अ लिहितं, कुणी 32/अ/1.

उरलेलं अर्धं काम तंत्रज्ञानाचं नाही. चैत्री पौर्णिमेनंतर येडाईच्या यात्रेत लाखो हात चुन्याचे खडे वेचतात आणि ढीग होतो. तिथं कुणाचा खडा कुठला याचा हिशेब लागत नाही. संचिकेचं तसं नाही, तिथं प्रत्येक पान आपल्याच जागी लागतं आणि ते लागलं की नाही हे बघणारं कुणीतरी एक लागतं. वाटणीचा फेरफार मंजूर झाल्यावर नकाशा, बोजा, आठ-अ, ओळख क्रमांक ही चार ठिकाणं बदलली का, याची खात्री करून प्रकरण बंद करण्याची जबाबदारी एका पदावर ठेवता येईल. ग्राम महसूल अधिकारी हा त्यातल्या त्यात जवळचा, पण त्याच्याकडं आधीच पंचनामे, निवडणूक, पीक पाहणी, सगळं आहे. नुसतं नाव टाकून भागणार नाही. त्याला पडद्यावर एकाच ठिकाणी पाचही प्रणालींतली स्थिती दिसली पाहिजे. शासनाकडं ही माहिती सगळी आहे, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत आहे.

तोवर दोरा शेतकऱ्याच्याच हातात आहे. वाटणीपत्र करतानाच त्यात पोटखराब, विहीर, वाट आणि चालू कर्ज कुणाकडं हे लिहून घेतलं तर पुढची निम्मी दुरुस्ती वाचते. अर्ज दिला की पोच आणि क्रमांक घ्यायचाच, तोंडी ‘बघतो’ वर परत फिरायचं नाही. फेरफार मंजूर झाल्यावर नवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत काढायचा, आठ-अ काढायचा आणि दोन्हींतलं क्षेत्र वहीवर मांडून मूळ गटाशी बेरीज करून बघायची. जुना सातबारा टाकून द्यायचा नाही. फरक निघाला तर 155 च्या अर्जाला तोच जुना उतारा लागतो. बोजा फिटला असेल तर सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला घेऊन तो कमी करायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, ई-हक्क प्रणालीतून तो घरूनही देता येतो. सेवा केंद्रात जाऊन ओळख क्रमांकाखाली कुठले गट दिसतात ते एकदा वाचून घ्यायचं. आणि मुदतीत सेवा मिळाली नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. त्यासाठी अर्जाची ती पोच लागते, तारखेसकट.